चार घटकांचे पाहुणे

किनाऱ्यास बोट लागावी, उतारूंनी उतरावे, चार घटका एखादे पुरातन तटबंदीचे नगर पाहावे आणि पुन्हा बोटीत बसून निघून जावे, या प्रकारास काय म्हणावे? ते दर्शन होय की नुसते पाहणे होय? आणि नुसते पाहणे असेल, तर त्यात दोष तो कोणता? प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु आमच्या मंदिराच्या सभासद कुटुंबांत सहलींचे प्रमाण अलीकडे बरेच वाढले आहे, आणि पूर्वी ‘यात्रेस जातो’ म्हणणारी माणसे आता ‘फिरावयास जातो’ असे म्हणू लागली आहेत. शब्द बदलला की आचार बदलतो. निदान बदलण्यास वाट तरी मोकळी होते. गतवर्षी आमच्यापैकी काही कुटुंबे बासरहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईस गेली आणि तेथून वसईचा किल्ला पाहून आली. परतल्यावर मंडपात जी चर्चा झाली ती अपुरीच राहिली. ती पुढे न्यावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

समुद्रप्रवासाविषयी आमच्या धर्मशास्त्रांची दृष्टी सर्वांस ठाऊक आहे. बौधायनाने पतनास कारण होणारी जी कर्मे सांगितली त्यांत समुद्रसंयान अगदी आरंभी येते, आणि पुढच्या निबंधकारांनी ते कलिवर्ज्यांत घातले. आज या निषेधाची दखल कोणी घेत नाही. घ्यावी असे आमचेही म्हणणे नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शिवछत्रपतींनी आरमार उभारले आणि कान्होजी आंग्र्यांनी ते गाजविले, तेव्हाच या निषेधाचा व्यवहारातील जोर पुष्कळ कमी झाला होता. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा समाजाने गलका केला खरा. पण आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि गलका करणाऱ्यांची नावे कोणास आठवतही नाहीत.

परंतु निषेध टाकून देताना त्यामागील भीती काय होती, हे एकदा तपासून पाहणे बरे. ती भीती केवळ पाण्याची नव्हती. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाची संध्या सुटेल, अन्न बदलेल, संगत बदलेल आणि परत येईल तो दुसराच कोणीतरी असेल, ही ती भीती होती. थोडक्यात, प्रवास माणसास बदलतो, हे जुन्यांनी गृहीत धरले होते. आता आजच्या सहलीच्या मोठ्या जहाजाकडे पाहावे. प्रवाशास घरच्यासारखीच, किंबहुना घरापेक्षा मऊ, शय्या मिळते. शाकाहारी व जैन भोजनाची सोय असते. करमणुकीस नाटकगृह असते. मुंबईहून सुटणाऱ्या अशा जहाजांनी २०२१ नंतरच्या काळात दीवच्या फेऱ्या केल्या. दीव हेही तटबंदीचे नगर. तेथील किल्ल्याने १५३८ व १५४६ असे दोन प्रचंड वेढे सोसले. जहाजातून उतरलेला मनुष्य तो तट पाहून भोजनाच्या वेळेस परत जहाजावर येतो. जाताना जसा होता तसाच तो परत यावा, याची सर्व व्यवस्था जहाजाच्या मालकाने केलेली असते. जुन्यांस भीती होती की प्रवासी बदलेल. आमची अडचण अशी की तो मुळीच बदलत नाही. या दोहोंत अधिक नुकसान कशात आहे, याचे उत्तर आम्हांस तरी सोपे वाटत नाही.

वसईस आमची मंडळी गेली ती मोठ्या जहाजातून नव्हे. भाईंदर व वसई यांच्या दरम्यान खाडीतून माणसे आणि मोटारी दोन्ही नेणारी बोट २०२४ च्या फेब्रुवारीपासून सुरू झाली, तिच्यातून ती गेली. हा प्रवास पाव तासाचा. यास समुद्रपर्यटन म्हणणे धाडसाचे होईल. पण आमच्या मुधोळकरांपैकी अनेकांनी गोदावरीचे पात्र हेच सर्वांत मोठे पाणी म्हणून पाहिलेले, त्यामुळे कठड्यास धरून उभे राहण्यात त्यांना पुरेसे साहस वाटले. बोट किल्ल्याच्या जवळच लागते. परतीची फेरी गाठावयाची म्हणून हाताशी दीड तास, म्हणजे सुमारे चार घटका होत्या.

आता ज्या नगरात ही मंडळी शिरली ते नगर कोणते, हे पाहू. १५३४ सालच्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यांनी तेथे दगडी तटाच्या आत एक संपूर्ण शहर वसविले: वाडे, रुग्णालये, मठ, आणि एकेका पंथाचे एकेक भव्य चर्च. बुरुजांना संतांची नावे दिली. या अमलात आसपासच्या मुलखातील हिंदूंच्या देवालयांचा उच्छेद झाला. उघडपणे पूजाअर्चा करणे अशक्य झाले. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, अंजूरचे गंगाजी नाईक यांसारख्या मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली ती याच कारणाने. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी वसईस निकराचा वेढा घातला. सुरुंगांनी सान सेबास्तियनचा बुरूज फोडला गेला, हजारो माणसे पडली, आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. पोर्तुगीजांच्या त्या नगरास दोनशे पाच वर्षांचे आयुष्य लाभले. पुढे १८०२ च्या अखेरच्या दिवशी याच वसईत दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याच्या शेवटास आरंभ झाला. आज तटाच्या आत छप्पर नसलेली चर्चे आहेत, नागेश्वराचे व वज्रेश्वरीचे मंदिर आहे, चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, ताड-माडांची दाटी आहे, आणि समुद्राच्या दरवाजाबाहेर कोळ्यांची होड्यांची व मासळीची रोजची धांदल आहे.

चार घटकांत यातले काय दिसते? दगड दिसतात, कमानी दिसतात, आणि लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी दिसतात. आमच्या मंडळींतील तरुणांनीही छायाचित्रे काढली, त्यात गैर काही नाही.

येथे कोणी असे म्हणेल की मुक्काम अल्प होता, म्हणूनच दर्शन उथळ झाले. महाभारतातील तीर्थयात्रापर्वात ठिकठिकाणी तीन रात्रींच्या उपोषणाचे विधान आहे. आमच्या बासरला दीक्षा घेऊन राहणारी माणसे मधुकरी मागून कित्येक दिवस काढतात. हे सर्व खरे. तथापि केवळ अल्पकाळ थांबणे हा दोष म्हणता येणार नाही. आपल्या धर्माने तर एका रात्रीच्या पाहुण्यास मुद्दाम मोठे स्थान दिले आहे. ज्याचे राहणे नित्य नाही तो अतिथी, असेच मनूचे म्हणणे आहे. म्हणजे लवकर निघून जाणे हा अतिथीचा गुणच होय, असे कोणी गमतीने म्हणाले तर चालेल. मनू त्याच ओघात एक कठोर गोष्टही सांगतो: जे गृहस्थ निर्बुद्धपणे दुसऱ्याच्या अन्नावर डोळा ठेवून हिंडतात ते पुढल्या जन्मी त्या अन्नदात्याची गुरेढोरे होतात. यजमानाची कर्तव्ये शास्त्रांनी पानेच्या पाने भरून सांगितली. अतिथीस मात्र एवढीच एक धमकी देऊन सोडले. अतिथीने काय करावे, हे आपले आपणच शोधून काढले पाहिजे.

आमच्या मते त्याचे उत्तर आपण रोज करीत असलेल्या पूजेतच आहे. आमच्या घरी पौरोहित्य पिढीजात आहे, म्हणून हे उदाहरण सुचते. कोणतीही पूजा संकल्पावाचून आरंभिली जात नाही, आणि संकल्पात देवाचे नाव येण्यापूर्वी देश व काल यांचा उच्चार करावा लागतो. कोणत्या वर्षात, कोणत्या अरण्यप्रदेशात, गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत, संवत्सर कोणते, मास कोणता, तिथी कोणती, हे सांगितल्याशिवाय हातातील पाणी सोडता येत नाही. मुधोळास बसलेला पुरोहित उत्तर तीर म्हणतो. तोच वसईस गेला तर त्यास दक्षिण तीर म्हणावे लागेल. लहानपणी आम्हांस हा सर्व भाग कंटाळवाणा वाटे. देव समोर असता पत्ता कशास सांगावयाचा, असे वाटे. पण विचार केला म्हणजे ध्यानात येते की हा पत्ता देवासाठी नसून आपल्यासाठी आहे. आपण कोठे उभे आहोत हे ज्यास सांगता येत नाही, त्याने पुढे काही मागू नये आणि काही देऊही नये, असा त्यातील दंडक आहे.

बोटीतून उतरणाऱ्या प्रवाशास याच्या निम्मे जरी करता आले तरी पुष्कळ झाले. देश व काल जाणण्यास तीन रात्री लागत नाहीत, एक घटकाही पुरते. मात्र ती घटका बोटीत बसण्यापूर्वी घरी घालवावी लागते.

हे नुसते पांडित्य नाही. त्यावाचून आचारात घोटाळा होतो. वसईच्या फ्रान्सिस्कन पंथीयांच्या चर्चमध्ये जमिनीत अनेक थडगी आहेत. फरशीच्या दगडांवर मृतांची नावे कोरलेली आहेत. आमची मंडळी तेथे शिरताना एक वयोवृद्ध काकूंनी दाराशी चपला काढल्या. बरोबरच्या एका पदवीधर तरुणाने त्यांस म्हटले, “काकू, येथे देव नाही आणि छप्परही नाही. शिवाय हे आपले देऊळ नव्हे.” काकू म्हणाल्या, “बाबा, माणसे निजलेली आहेत ना?” आणि त्या दगडांच्या कडेकडेने अनवाणी चालत गेल्या.

शास्त्राच्या दृष्टीने तरुणाचे म्हणणे खोटे नव्हते. पूजा दीर्घकाळ खंडित झाली तर पुनःप्रतिष्ठा किंवा प्रोक्षण करावे, असा विचार पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री पाध्यांच्या धर्मसिंधूत आहे. म्हणजे जेथे पूजा थांबली तेथील सान्निध्यही क्षीण होते, हे आपल्यालाही मान्य आहे. ओसाड प्रार्थनास्थळात चपला काढण्याचे बंधन आम्ही कोणावर घालणार नाही. परंतु आपण समाधीवर पाय देत नाही. पुस्तकास पाय लागला तर हात लावून तो कपाळास लावतो. तेव्हा ज्या दगडावर मृताचे नाव अक्षरांनी कोरले आहे त्यावर, ती लिपी आपणास वाचता येत नाही एवढ्याच कारणाने, खुशाल पाय द्यावा हे सुसंगत कसे? सरस्वतीच्या क्षेत्राशेजारी राहणाऱ्यांनी तरी अक्षरांत आपले व परके असा भेद करू नये. काकूंस चर्चचा इतिहास माहीत नव्हता. त्यांनी देश जाणला नव्हता, पण आपण कोणाच्या उशाशी उभ्या आहोत हे जाणले.

याहून अवघड प्रश्न घंटांचा आहे, आणि मंडपातील चर्चा अडली ती येथेच. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चांच्या घंटा उतरविण्यात आल्या आणि त्या महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे. त्याच्या प्राकारावरील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हा आकडा व पोर्तुगीज अक्षरे आहेत. भीमाशंकरास तशी घंटा आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणवीसांच्या घाटावरील घंटेवर १७०७ साल असून मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. आपण देवपूजेच्या आरंभी शंखाबरोबर घंटेचीही गंध-अक्षतांनी पूजा करतो आणि मगच ती वाजवितो. मग युद्धात आणलेली घंटा देवास चालते काय?

चर्चेत दोन मते निघाली. एक असे, की पोर्तुगीजांनी आपली देवळे पाडली, त्यांच्या घंटा आपण आणल्या, फिटंफाट झाली. दुसरे असे, की लूट ती लूट, ती देवापुढे टांगल्याने पवित्र होत नाही. पहिल्या मताशी आम्ही सहमत नाही. एका अन्यायाने दुसरा अन्याय फिटतो हा हिशेब सावकाराच्या वहीत शोभेल. शिवाय स्वतः चिमाजी अप्पांनीही हा हिशेब मानला नाही. शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माने वागण्याची मुभा दिली गेली, आणि तीन चर्चे राखण्याचे मान्य केले गेले: एक शहरात, एक वसईच्या मुलखात आणि एक साष्टीत. तट सोडून जाणाऱ्या पोर्तुगीजांस बायकामुले व चीजवस्तू घेऊन सन्मानाने जाऊ दिले. ज्या युद्धाचे एक मूळ देवळांच्या विध्वंसात होते, त्या युद्धाच्या विजेत्याने हे लिहून द्यावे, ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकांतील वसईच्या शौर्यकथेपेक्षा आम्हांस मोठी वाटते. फिटंफाट करावयाची असती तर त्या दिवशी त्याचा हात कोण धरणार होते?

दुसऱ्या मतातील अर्धा भाग आम्हांस मान्य आहे. घंटा युद्धातील लूट होती. तीस भेट किंवा दान म्हणू नये. परंतु तिचे पुढे काय झाले हेही पाहावे. घंटेची धातू म्हणजे कांसे, सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील. युद्धाच्या काळात अशा धातूस तोफखान्याची वाट सदैव मोकळी असते. पहिल्या महायुद्धात खुद्द जर्मनीत चर्चांच्या घंटा उतरवून वितळविल्या गेल्या. नाशिकची व मेणवलीची घंटा वितळविली गेली नाही. ती उपासनेसाठी ओतली होती आणि उपासनेतच राहिली. त्याहून महत्त्वाचे असे, की तिच्यावरील अक्षरे, साल व आकृती कोणी कानशीने घासून टाकली नाहीत. आपण कोठून आलो हे ती घंटा आजही स्वतःच सांगते. म्हणजे तिच्या देश-कालाचा उच्चार तिच्या अंगावर आहे. तो वाचण्याचे काम तेवढे आपल्याकडे आहे. नाशिकास दर्शनास जाणाऱ्या कुटुंबाने मुलांस ही घंटा दाखवून ‘ही आपली’ एवढेच सांगितले तर ते अपुरे सांगणे होय, आणि ‘ही चोरीची’ एवढेच सांगितले तर तेही. ही घंटा परत करावी काय, असेही एकाने विचारले. ज्या मनोऱ्यांत या घंटा होत्या ते मनोरे आज ओसाड आहेत; तेथे टांगून ऐकावयास कोणी नाही. तरीही वसईच्या ख्रिस्ती बांधवांनी कधी त्या मागितल्या, तर नाही म्हणताना आमची जीभ अडखळेल, हे आम्ही लपवून ठेवीत नाही.

वसईचे ख्रिस्ती बांधव म्हटले म्हणजे आणखी एक गोष्ट आठवते, जी चार घटकांच्या पाहुण्यास तटाच्या आत कोठेच दिसणार नाही. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या अमलात ख्रिस्ती झालेली रयत तेथेच राहिली, आणि तिने आपली मराठी बोली सोडली नाही. सामवेदी ख्रिस्ती आजही आपली सामवेदी बोली बोलतात. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेस भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत ते निवर्तले. बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. त्याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया समुद्र ओलांडून जपानास गेले, तेथे १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि १८६२ साली त्यांना संतपद दिले गेले. किल्ल्यातील एका चर्चला लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. प्रवासाने माणूस पुरता बदलावा याचे याहून मोठे उदाहरण त्या किनाऱ्यावर सापडणार नाही.

राज्ये बदलली तरी भाषा धरून राहणे म्हणजे काय, हे मुधोळच्या माणसास समजावून सांगावे लागू नये. १९५६ पूर्वी आपण हैदराबाद संस्थानच्या मुलखातील नांदेड जिल्ह्यात होतो. त्या वर्षी नोव्हेंबरात आंध्र प्रदेशातील आदिलाबाद जिल्ह्यात गेलो. २०१४ साली तेलंगणात आणि २०१६ साली नव्या निर्मल जिल्ह्यात आलो. गाव जागचे हलले नाही. घरात मराठी राहिली, बाजारात तेलुगू आली, आणि दोहोंत आपले बरे चालले आहे. आपल्या गावी कोणी पाहुणा चार घटका उतरला आणि ‘ही तेलंगणातील माणसे मराठी कशी बोलतात?’ असे हसून म्हणाला, तर आपणास जे वाटते, तेच वसईच्या मराठी ख्रिस्ती माणसास आपल्या कुतूहलाच्या नजरेने वाटत असले पाहिजे.

पाहुण्यांच्या संख्येचाही प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगतो. युरोपात क्रोएशिया देशात दुब्रोव्हनिक नावाचे तटबंदीचे सागरी नगर आहे. तेथे जहाजांतून उतरणाऱ्यांची इतकी दाटी झाली की २०१९ पासून दिवसास दोनच जहाजे व एका वेळी चार हजारच प्रवासी, अशी मर्यादा घालावी लागली. व्हेनिस येथे २०२१ साली मोठ्या जहाजांस शहराच्या आतील कालव्यातून मज्जाव करण्यात आला. यजमानाने दार अर्धे लावून घ्यावे, इतके पाहुणे व्हावेत, ही पाहुण्यांस भूषणावह गोष्ट नव्हे. वसईस अजून तशी दाटी नाही. तेथे त्रास आहे तो दगडांवर नावे कोरणाऱ्यांचा. आमच्या मंडळींत तसे कोणी केले नाही, हे नमूद करण्यास आनंद वाटतो.

पुढील कार्तिकात पुन्हा वसईस जाण्याचा विचार काही कुटुंबांनी बोलून दाखविला आहे. आमची सूचना अशी, की या खेपेस परतीच्या बोटीची घाई नसावी आणि एक रात्र तरी तेथे मुक्काम व्हावा. वसईच्या उत्तरेस निर्मळ म्हणून क्षेत्र आहे. आपल्या जिल्ह्याच्या नावाशी त्याचे नाव जुळावे हा योगायोगच. तेथे शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर व मोठे तळे आहे. पोर्तुगीज अमलात हे क्षेत्र उद्ध्वस्त झाले होते. मराठ्यांच्या विजयानंतर तेथील यात्रा पुन्हा सुरू झाली, आणि कार्तिक वद्य एकादशीस ती आजही भरते. पहिल्या दिवशी निर्मळ, दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, आणि परतीस एक दिवस नाशिकला थांबून नारोशंकराची घंटा, असा क्रम ठेवल्यास या लेखातील बहुतेक गोष्टी मुलांस प्रत्यक्ष दाखविता येतील. निघण्यापूर्वीच्या शनिवारी मंडपात एक तास सर्वांनी एकत्र बसून या स्थळांची माहिती वाचावी. गाडीचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. तेव्हा येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी आपली नावे भाद्रपद संपण्यापूर्वी मंदिराच्या कार्यालयात द्यावीत, आणि काकूंचे नाव आम्ही आधीच लिहून ठेवले आहे.